आरंभांचा विवेक

एका सद्गृहस्थांचे पत्र आले आहे. त्यांचा प्रश्न असा: "घरी सहा वर्षांचा एक संगणक आहे. कळ दाबल्यापासून तो कामास योग्य होईपर्यंत सात-आठ मिनिटे जातात. सुरू होताना पुष्कळसे प्रोग्राम आपोआप चालू होऊन पडद्यामागे बसून राहतात, हे त्याचे कारण असे कळते. शेजारी म्हणतात, ते सारे बंद करून टाका. मुलगा म्हणतो, हात लावू नका, काहीतरी बिघडेल. दुकानदार म्हणतो, यंत्र म्हातारे झाले, नवे घ्या. यांपैकी कोणाचे ऐकावे? आणि असला प्रश्न धार्मिक मासिकास विचारणे शोभते की नाही, तेही लिहावे."

शोभते की नाही, याचे उत्तर प्रथम देतो. गृहस्थाच्या घरात जे जे रोज घडते ते सर्व त्याच्या धर्मविचाराच्या कक्षेत येते. त्यातून हा प्रश्न तर आरंभाचा आहे, आणि 'आरंभ' या शब्दावर श्रीमद्भगवद्गीतेत ठिकठिकाणी विचार झालेला आहे. तिसऱ्या अध्यायात भगवान सांगतात की कर्माचा आरंभच केला नाही, एवढ्याने कोणास नैष्कर्म्य प्राप्त होत नाही. चौथ्यात, ज्याचे सर्व आरंभ कामनेच्या संकल्पापासून मुक्त आहेत त्यास ज्ञाते लोक पंडित म्हणतात, असे सांगितले आहे. बाराव्यात भक्ताचे आणि चौदाव्यात गुणातीताचे लक्षण म्हणून 'सर्वारंभपरित्यागी' हा एकच शब्द आला आहे. त्याच चौदाव्या अध्यायात रजोगुण वाढल्याच्या खुणा सांगताना लोभाच्या पंक्तीस कर्मांचा आरंभ बसविला आहे. आणि अठराव्यात, अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसे सर्व आरंभ दोषाने वेढलेले असतात, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असा निर्वाळा दिला आहे.

आता पाहा. एके ठिकाणी आरंभ टाकावा असे म्हटले, दुसरे ठिकाणी न टाकावा असे म्हटले. वरवर वाचणारास येथे विरोध भासतो. आपल्या पत्रलेखकांच्या शेजाऱ्याने जणू बारावा अध्याय धरला आहे आणि मुलाने अठरावा! विरोध कसा सुटतो, हे श्रीशंकराचार्यांच्या भाष्यात पाहावयास मिळते. चौदाव्या अध्यायातील 'सर्वारंभपरित्यागी' या पदाचा अर्थ करताना आचार्य म्हणतात की, देह धारण करण्यापुरते जे कर्म आवश्यक आहे तेवढे वगळून बाकी सर्व कर्मांचा त्याग करणारा, असे समजावे. 'सर्व' या शब्दाला आचार्यांनी लाविलेली ही मर्यादा फार मोलाची आहे. संन्याशाच्याही बाबतीत जे वगळावे लागले ते गृहस्थास किती अधिक वगळावे लागेल! तेव्हा 'सारे बंद करा' हा उपदेश भाष्यकारांच्या कसोटीसही उतरत नाही.

दृष्टांत एकदेशी असतो, हे मात्र विसरू नये. संगणकाला आत्मा नाही, पाप नाही, पुण्य नाही. त्याच्या आरंभांची जबाबदारी त्याच्या मालकावर आहे, आणि येथे विचार करावयाचा तो मालकाचाच.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. कळ दाबली की संगणकातील एक लहानसा अंगभूत प्रोग्राम जागा होतो, तो निरनिराळी उपकरणे जागी करतो आणि मग विंडोजसारख्या मुख्य प्रणालीस मेमरीत आणून बसवितो. ही प्रणाली आपल्या परिवारातील 'सर्व्हिस' नावाचे सेवक कामास लाविते. हे सेवक आपण पासवर्ड देण्यापूर्वीच उभे राहिलेले असतात. पासवर्ड दिल्यावर आपल्या नावाने नोंदलेली दुसरी यादी चालू होते. आपल्याला पडद्यावर चित्र दिसू लागते तेव्हा संगणक तयार झाला असे वाटते. परंतु त्याच क्षणी दहा-पंधरा प्रोग्राम एकदम आपापले सामान उलगडीत असतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचन करणारी सुई एकच असते. एकाने हाक मारली की ती इकडे धावते, दुसऱ्याने हाक मारली की तिकडे. सात-आठ मिनिटांपैकी पुष्कळसा काळ या धावपळीतच जातो.

पूर्वी असे नव्हते. आयबीएम कंपनीचा घरगुती संगणक 1981 साली निघाला, तेव्हा त्याच्या डॉस प्रणालीत 'ऑटोएक्झेक.बॅट' नावाची एक साधी फाइल असे. आरंभी काय काय चालावयाचे ते तीत ओळीओळीने लिहिलेले असे. मेमरी 640 किलोबाइटच्या आत भागवावयाची असल्यामुळे पडद्यामागे बसणारा प्रत्येक प्रोग्राम मालकास जाणवे. कोणाला बसू द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे त्याला स्वतः ठरवावेच लागे. पुढे मेमरी वाढली, हजारो पटींनी वाढली, आणि समृद्धी आली की हिशेब सुटतो तसे झाले. आज आरंभाची नोंद एका जागी नसते. काही नावे 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये असतात, काही रजिस्ट्रीच्या 'रन' या कप्प्यात, काही 'टास्क शेड्यूलर'मध्ये, काही सर्व्हिसच्या यादीत. सामान्य गृहस्थास यांतील एकही जागा सहसा ठाऊक नसते.

मग ही नावे लिहितो कोण? येथे सर्व प्रश्नाचे मूळ आहे. ती बहुधा ते ते प्रोग्राम स्वतःच लिहितात. आपण कधीतरी छायाचित्रे पाहण्याचा एखादा प्रोग्राम घरी आणिला. तो बसविताना एका चौकोनात 'संगणकाबरोबर सुरू करावा' अशा अर्थाची खूण आधीच केलेली होती. आपण घाईने 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'फिनिश' असे दाबीत गेलो. पुष्कळदा तर तेवढीही विचारपूस झालेली नसते. त्या दिवसापासून तो रोज आपल्या आधी उठून बसतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात या देहात राहणाऱ्या पुरुषास 'उपद्रष्टा' आणि 'अनुमंता' अशी नावे दिली आहेत. जवळून पाहणारा, आणि अनुमती देणारा. पाहिल्यावाचून दिलेली अनुमती ही अनुमती कसली? आपल्या घरच्या संगणकात आपण अनुमंता झालो, पण उपद्रष्टा झालो नाही. मॅकिंटॉश संगणकाच्या प्रणालीत 2022 सालापासून, एखाद्या प्रोग्रामने आरंभाच्या यादीत आपले नाव घातले की मालकास सूचना येऊ लागली, हे त्या दृष्टीने योग्यच झाले. सूचना वाचावी मात्र लागते.

विंडोजमध्ये पाहण्याचे साधन सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'स्टार्टअप' नावाचे पान आहे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ते तेथे असते. प्रोग्रामचे नाव, तो कोणी तयार केला, चालू आहे की बंद, आणि आरंभावर त्याचा भार किती, अशी माहिती त्यात दिलेली असते. भाराचे माप असे: आरंभी प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर तीन मेगाबाइटहून अधिक वाचन-लेखन झाले की भार 'हाय', प्रोसेसरचा वेळ सेकंदाच्या तीन दशांशांहून कमी आणि वाचन-लेखनही 300 किलोबाइटहून कमी असेल तर 'लो', मधला तो 'मीडियम'. हे माप केवळ आरंभकाळाचे आहे, हे ध्यानात ठेवावे. एखादा प्रोग्राम उठताना गडबड करीत नाही, पण उठल्यावर दिवसभर मेमरीची जागा अडवून बसतो. त्याचा भार या पानावर दिसणार नाही. शेजारच्या 'प्रोसेसेस' या पानावर दिसेल. मनुष्याच्या मनातही असे असते. काही संकल्प सकाळी मोठा कल्लोळ करून उठतात आणि घटकाभरात विरून जातात. काही असे निःशब्द येतात की ते आल्याचे संध्याकाळी थकवा आल्यावरच कळते.

आता यादी समोर आली. निवड कशी करावी? पुष्कळ लोक येथे नाव पाहून निर्णय करतात. ओळखीचे नाव ठेवितात, अनोळखी नाव बंद करतात. किंवा भार 'हाय' दिसला की बंद करतात. दोन्ही पद्धती अपुऱ्या आहेत. आपल्या शास्त्रकारांनी कर्माची जी विभागणी केली आहे ती येथे उपयोगी पडते. नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे कर्माचे भेद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. नित्य म्हणजे संध्यावंदनासारखे, जे न केल्याने दोष उत्पन्न होतो. नैमित्तिक म्हणजे निमित्त घडले असता करावयाचे. ग्रहण लागले की स्नान, पुत्र झाला की जातकर्म. काम्य म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले. निषिद्ध ते निषिद्धच. नित्यकर्मास स्वतंत्र फळ आहे की नाही, यावर शास्त्रकारांत मोठा वाद आहे. त्यात आज शिरत नाही. आपल्याला एवढेच घ्यावयाचे आहे की नित्याची ओळख त्याच्या फळावरून होत नाही, ते चुकल्यावर होणाऱ्या हानीवरून होते.

ही कसोटी यादीतील प्रत्येक नावास लावावी. 'याने मला काय मिळते?' असे न विचारता 'आज हा उठला नाही तर काय बिघडेल?' असे विचारावे. दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरे फार वेगळी येतात. विषाणूंपासून रक्षण करणारा अँटिव्हायरस घ्या. तो रोज काय देतो? काही नाही. उलट मधूनमधून सूचना दाखवून त्रास देतो. आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारा बॅकअपचा प्रोग्राम घ्या. तोही वर्षानुवर्षे काही देत नाही. याच्या उलट गाणी ऐकविणारा, गप्पांचा, खेळांचा प्रोग्राम लगेच काहीतरी देतो. म्हणून फळ पाहून निवड करणारा गृहस्थ बरोबर उलटी निवड करतो. ज्याचे फळ दिसत नाही ते आधी बंद होते.

माझ्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. तेथील तरुण मुलाने एके दिवशी यादीतील झाडून सगळी नावे बंद केली. दुसऱ्या दिवशी संगणक झटकन सुरू झाला. सर्वांना आनंद झाला, मुलाचे कौतुक झाले. त्या यादीत फाइलींची प्रत इंटरनेटवर नेऊन ठेवणारा प्रोग्रामही होता. तो उठेनासा झाला. फाइली नेहमीच्याच फोल्डरमध्ये ठेविल्या जात, फोल्डरचे नावही तेच दिसे, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे काही महिन्यांनी त्या घरातील आजीबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेविल्या आणि मोबाइलमधून पुसून टाकिल्या. त्याच वर्षी आजीबाई निवर्तल्या. नंतर डिस्क नादुरुस्त झाली. यादी बंद केली त्या दिवसापर्यंतचे सर्व काही इंटरनेटवरून परत मिळाले. लग्नाची छायाचित्रे, मुलांची गुणपत्रके, विजेची जुनी बिले सुद्धा. ओव्या त्यानंतरच्या होत्या. डिस्कमधून काही काढता येते का पाहण्यासाठी त्या कुटुंबाने खर्च केला, वाट पाहिली, पण काही हाती लागले नाही. त्या मुलास कोणी बोल लाविला नाही, ही त्या घरची थोरवी. परंतु तो मुलगा अजूनही त्या विषयावर बोलत नाही.

म्हणून रक्षण करणारे आणि प्रत ठेवणारे प्रोग्राम नित्याच्या पंक्तीत बसतात. त्यांस हात लावू नये. त्याचप्रमाणे आवाज, टचपॅड, अक्षरे टंकण्याची व्यवस्था यांच्याशी संबंधित जे असतील त्यांस, पुरती माहिती झाल्यावाचून, स्पर्श करू नये. यास यंत्राचे देहधारण म्हणावे.

यानंतर नैमित्तिक. सामान्य घरातील यादीचा मोठा भाग याच वर्गाचा निघेल, आणि तो सगळा नित्याचा वेष घेऊन बसलेला आढळेल. छपाईयंत्राबरोबर आलेला एक साहाय्यक असतो. आपण महिन्यातून दोनदा काही छापतो. तो तीसही दिवस उठून शाई किती उरली ते मोजीत बसतो. छपाईचे मूळ काम प्रणालीची स्वतःची सर्व्हिस करीत असते, त्यामुळे हा साहाय्यक झोपून राहिला तरी बहुधा छपाई थांबत नाही. यंत्रावरचे बटण दाबून कागद स्कॅन करण्याची ज्यांची सवय आहे त्यांस मात्र तो लागू शकतो, करून पाहावे. व्हिडिओवर बैठका घेणारे प्रोग्राम घ्या. बैठकीचे निमित्त आले की दुवा दाबताच ते उघडतात. पहाटेपासून तिष्ठत राहण्याचे त्यांस कारण नाही. काही प्रोग्राम केवळ आपली नवी आवृत्ती निघाली की काय हे पाहण्यासाठी एक हेर ठेवून देतात. नवी आवृत्ती घेणे संरक्षणासाठी आवश्यक असते हे खरे. परंतु पुष्कळ प्रोग्राम उघडल्यावर ती चौकशी स्वतःच करतात. जो प्रोग्राम वर्षातून एकदा उघडला जातो त्याच्या हेराने रोज उठण्याचे प्रयोजन काय?

विंडोजच्या रचनाकारांनाही हा भेद ठाऊक होता असे दिसते. सर्व्हिसच्या यादीत प्रत्येक सेवकापुढे आरंभाचा प्रकार लिहिलेला असतो. 'ऑटोमॅटिक' म्हणजे आपोआप उठणारा. 'मॅन्युअल' म्हणजे कोणी हाक मारील तेव्हा उठणारा. हा आपला नैमित्तिकच. या दोहोंमध्ये 'डिलेड स्टार्ट' म्हणजे विलंबाने उठणारा असा एक प्रकार आहे: आवश्यक आहे, पण आधी इतरांना उठू दे, मी सुमारे दोन मिनिटांनी येतो, असे म्हणणारा. घरातील वडीलधाऱ्या मंडळींत अशी समज असते आणि यंत्रात ती मुद्दाम घालावी लागली, हे पाहून मला गंमत वाटते. रजिस्ट्रीमध्ये 'रन' या कप्प्याशेजारी 'रनवन्स' असाही एक कप्पा आहे. त्यातील नोंद एकदा चालण्यासाठी असते, आणि ती चालविण्यापूर्वीच पुसली जाते. एवढा सूक्ष्म विचार प्रणालीत असताना बहुतेक प्रोग्राम स्वतःला नित्याच्याच कप्प्यात का लिहून घेतात, हे वेगळे सांगावयास नको. मालकाच्या नजरेसमोर राहण्यात त्यांस बाजारातला लाभ आहे. मात्र सर्व्हिसच्या यादीत नवख्याने फेरफार करू नयेत. ती माहिती येथे समजण्यासाठी दिली आहे, प्रयोगासाठी नव्हे.

काम्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. गाणी आणि खेळ गृहस्थास निषिद्ध नाहीत. इच्छा झाली की उघडावे. इच्छा होण्यापूर्वीच ते उघडून ठेविले म्हणजे न झालेली इच्छा उत्पन्न होते, एवढे खरे. निषिद्धाविषयी त्याहूनही थोडे: घातक प्रोग्रामही याच वाटांनी आत येऊन याच कप्प्यांत आपले नाव लिहितात, म्हणून कर्त्याचे नाव नसलेली, अर्थहीन अक्षरांची नोंद दिसल्यास जाणकारास दाखवावी. सर्व कप्पे एकत्र पाहू इच्छिणाऱ्या जाणकारांसाठी मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी केलेला 'ऑटोरन्स' हा विनामूल्य प्रोग्राम आहे. त्यांची संस्था 2006 साली मायक्रोसॉफ्टने घेतली, तेव्हापासून तो तिच्याकडूनच मिळतो. तो उघडला की नावांची लांबलचक रांग पाहून सामान्य मनुष्य घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही, पण हातही घालू नये.

आता त्यागाकडे वळू. अठराव्या अध्यायात त्याग तीन प्रकारचा सांगितला आहे. नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस. कष्टाच्या भयाने केलेला राजस. आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत असता आसक्तीचा व फळाचा केलेला तो सात्त्विक. वर सांगितलेल्या घरी जे घडले ते मोहाचे उदाहरण होय. काय टाकतो आहो हे ठाऊक नसताना टाकिले. राजस त्याग याहून अधिक घरांत आढळतो. अँटिव्हायरस सूचना दाखवितो म्हणून कंटाळून त्यास बंद केले, बॅकअपवाला 'जागा भरत आली' असे सांगतो म्हणून त्यास गप्प केले. येथे अज्ञान नाही. काय करतो आहो हे पुरते ठाऊक आहे, केवळ त्रास नको आहे. अशा त्यागाने त्यागाचे फळ मिळत नाही, असे भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि संगणकाच्या बाबतीत तर ते डोळ्यांनी दिसते.

सात्त्विक त्यागात सोडावयाची ती आसक्ती. या विषयात आसक्ती कोणती? एक तर 'असू दे, कधीतरी लागेल' ही. ज्या घरात माळ्यावर पंधरा वर्षे न उघडलेल्या पेट्या असतात त्या घरात संगणकाची यादीही लांब असते, असे मी पाहिले आहे. दुसरी आसक्ती याच्या उलट टोकाची: घड्याळ लावून सेकंद मोजण्याची. काही तरुण मंडळी संगणक अठरा सेकंदांत उठतो की सोळा, यासाठी रात्र घालवितात. त्यांनी वाचविलेले दोन सेकंद आणि घालविलेली रात्र यांचा हिशेब कोणी मांडावा?

नाव बंद करणे म्हणजे प्रोग्राम काढून टाकणे नव्हे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून भय वाटते. 'डिसेबल' केलेला प्रोग्राम जागच्या जागी असतो. आपण उघडला की पूर्ववत चालतो. पश्चात्ताप झाल्यास त्याच पानावर 'एनेबल' करावे. आपल्या पत्रलेखकांच्या मुलाची शंका येथे फिटावी. एका वेळी एकच नाव बंद करावे, तारखेसह वहीत लिहून ठेवावे, आणि दोन-चार दिवस पाहावे. नाव अपरिचित असेल तर त्यावर उजवे बटण दाबून 'सर्च ऑनलाइन' निवडले असता माहिती मिळते. परिणाम पाहण्यासाठी 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करावे. कारण विंडोज 8 पासून पुष्कळ संगणकांवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असते. त्यात बंद करतेवेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेविला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत मांडला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टमध्येच होते. झोपेतून उठलेला मनुष्य कालचेच संस्कार घेऊन उठतो, असे वेदान्तात म्हणतात, त्याची येथे आठवण होते. काही प्रोग्राम नवी आवृत्ती आली की आपले नाव यादीत पुन्हा लिहितात. म्हणून हे पाहणे एकदाचे नसते. पाडव्याला आणि दसऱ्याला यंत्राची पूजा होतेच, त्या दिवशी यादीही पाहावी.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात विचारिलेली नाही पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरचा संगणक एकट्याचा नसतो. नित्य कोणते आणि काम्य कोणते, हे मनुष्याच्या स्वधर्मावर ठरते. मी भाषांतराचा व्यवसाय करतो; देवनागरी टंकण्याचा प्रोग्राम माझ्या आधी उठलेला नसेल तर माझे दिवसाचे कामच अडते. ज्या घरी कोणी देवनागरीत लिहीत नाही तेथे तोच प्रोग्राम निरुपयोगी ओझे होय. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे अशा वृद्धांसाठी अक्षरे मोठी करून दाखविणारा किंवा पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा प्रोग्राम असतो. तरुण मनुष्यास तो यादीत दिसला तर 'हे कशाला?' असे म्हणून तो बंद करील; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा पडद्यासमोर बसून राहतील, कोणास हाक मारावी हेही त्यांस सुचणार नाही. गृहिणीच्या हिशेबाचा, मुलीच्या अभ्यासाचा, असे प्रत्येकाचे काही असते. विंडोजमध्ये प्रत्येकास स्वतंत्र खाते देता येते, आणि आरंभाची काही नावे एका खात्यापुरती तर काही सर्वांसाठी असतात. सर्वांसाठी असलेल्या नावास हात लावण्यापूर्वी सर्वांना विचारावे. दुसऱ्याचा स्वधर्म आपल्या सोयीने ठरविण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखासही नाही.

राहिला दुकानदार. त्याच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. यंत्रात फिरती डिस्क असेल तर यादी कितीही आखूड केली तरी एका मर्यादेपलीकडे वेग येणार नाही. तिच्या जागी एसएसडी बसविली, आणि मेमरी चार गिगाबाइट असेल तर ती आठ केली, म्हणजे पुष्कळ फरक पडतो, आणि हा खर्च नव्या संगणकाहून फार कमी असतो. पण आधी रविवारी दुपारी मुलास जवळ बसवून यादी पाहावी, वृद्ध मंडळींच्या खात्यातील नावे त्यांच्या देखत उघडावी, आणि प्रत चालू आहे की नाही याची खात्री करून मगच एकेक नाव बंद करावयास लागावे. इतके करूनही नवे यंत्र घेणे प्राप्तच झाले तर अवश्य घ्यावे. ते खोक्यातून बाहेर काढल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्या तीन कळा दाबून पाहाव्या; कंपनीने आणि विक्रेत्याने आपल्या आधीच त्यात किती जणांना बसवून पाठविले आहे, ते दिसेल.